आपोआप झालेला फेरफार : दप्तराचा सर्व्हर कोणाला विचारून बदलतो?

१/ आजचा धागा एका तळटीपेपासून सुरू होतो. माझ्या पदव्युत्तर प्रबंधिकेत मी एका खरेदीखताचा हवाला असा दिला होता : 'सन १९२८, मौजे नंदाखाल, तालुका वसई, जिल्हा पालघर'. मार्गदर्शक मॅडमनी शेवटच्या दोन शब्दांभोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात एवढेच लिहिले : '१९२८ साली?' पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. मी याच गावात वाढले. ती तारीख मला पाठ आहे. तरीही मी चुकले, कारण संग्रहाच्या संगणकाने मला तसे दाखवले आणि मी ते उतरवून घेतले.

२/ चुकीचे मूळ शोधताना जे आढळले, त्यातून हा धागा जन्मला. आमच्या परिसरातील तो संग्रह लहानसा आहे : जुनी खते, पावत्या, घरोघरचे कागद आणि त्यांची संगणकीय सूची. एक सर्व्हर, त्याला जोडलेले तीन संगणक. सर्व्हरवरील प्रणालीचे 'ऑटो-अपडेट' चालू होते. एका रात्री नवी आवृत्ती उतरली. तिच्यासोबत जिल्ह्यांची नवी यादी आली आणि वसई तालुक्याच्या प्रत्येक नोंदीपुढचे 'ठाणे' पुसून तेथे 'पालघर' लिहिले गेले. खत १९२८ चे असो वा १८९० चे, सगळे पालघरचे झाले.

३/ बॅकअप होता. परंतु तो दररोज रात्री घेतला जाई आणि सात दिवसांनी जुनी प्रत पुसून तिच्या जागी नवी ठेवली जाई. चूक लक्षात येईपर्यंत महिने लोटले होते. सातही प्रतींत 'पालघर'च होते. अखेरीस उपयोगी पडली ती संग्रहाचे काम पाहणाऱ्या निवृत्त मास्तरांची हस्तलिखित दाखल-नोंदवही. "संगणक आल्यावरही तुम्ही वही का चालू ठेवलीत, मास्तर?" असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अगं, वहीत खोडलेलं दिसतं तरी."

४/ माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट मांडते. ज्या सर्व्हरवर समाजाच्या नोंदी आहेत, त्यावरील सॉफ्टवेअर अद्ययावत झालेच पाहिजे. मात्र नोटीस, चाचणी, प्रमाणन आणि स्वतंत्र नोंद यांवाचून त्याने नोंदींची रचना किंवा मजकूर बदलणे हा विनानोंद फेरफार होय. जमिनीच्या बाबतीत आपण असा फेरफार सव्वाशे वर्षे बेकायदा मानत आलो आहोत. यंत्राने केला म्हणून तो चालवून घेण्याचे कारण नाही.

५/ प्रथम यंत्रणा समजून घेऊ. क्लायंट-सर्व्हर डेटाबेस म्हणजे एक दप्तरखाना आणि त्याच्या अनेक खिडक्या. मूळ नोंदी दप्तरखान्यात, म्हणजे सर्व्हरवर असतात. आपण बसतो त्या संगणकावर, म्हणजे क्लायंटवर, केवळ खिडकी असते. आपण नाव टंकतो, खिडकी ते आत पाठवते, आतला कारकून नोंद शोधून बाहेर देतो. खिडक्या तीन असोत वा तीन हजार, दप्तर एकच. म्हणूनच ही रचना सोयीची आहे, आणि म्हणूनच आतली एक चूक सर्व खिडक्यांवर एकाच वेळी दिसते.

६/ सर्व्हरचे आपोआप अपडेट होते कसे? ठरलेल्या वेळी प्रणाली उत्पादकाकडे नवी आवृत्ती आहे का ते पाहते. असल्यास ती उतरवून घेते, खिडक्यांशी असलेल्या जोडण्या तोडते, जुना कार्यक्रम थांबवते, नवा बसवते, गरज असल्यास नोंदींच्या तक्त्यांची रचना बदलते आणि पुन्हा सुरू होते. सकाळी क्लायंट जोडला जाताना दोन्हीकडच्या आवृत्त्या जुळतात का हे तपासले जाते. न जुळल्यास क्लायंट स्वतःही नवी आवृत्ती घेतो, नाहीतर खिडकी बंद राहते.

७/ येथे एक भेद लक्षात ठेवावा, पुढचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. खिडकी बिघडली तर ती काढून जुनी बसवता येते. तिच्यात नोंदी नसतात. सर्व्हरने तक्त्यांची रचना किंवा मजकूर बदलला, तर जुना कार्यक्रम पुन्हा बसवून काहीच साधत नाही, कारण बदल दप्तरात झालेला असतो. मागे जाण्याचा मार्ग बहुधा एकच : अपडेटपूर्वीची प्रत. आणि त्या प्रतीनंतर भरलेल्या नोंदी हातून जातात. दोन्ही बदलांना आपण 'अपडेट' हा एकच शब्द वापरतो, तेथून घोटाळा सुरू होतो.

८/ या विषयावर मला दोन पक्ष भेटले. पहिला म्हणतो, "सगळे आपोआप होऊ द्या, उत्पादकाला आपल्यापेक्षा जास्त कळते." दुसरा म्हणतो, "चालत्या गाडीला हात लावू नका, अपडेट कायमचे बंद ठेवा." दोघांचे भांडण जुने असले, तरी एका बाबतीत दोघांचे एकमत आहे : दप्तराच्या बदलावर माणसाने लक्ष ठेवण्याची जबाबदारी दोघांनाही नको आहे. इतिहास दोघांच्याही विरुद्ध साक्ष देतो. दुसऱ्या पक्षापासून सुरुवात करते.

९/ २५ जानेवारी २००३. 'एसक्यूएल स्लॅमर' नावाचा किडा इंटरनेटवर सुटला. त्याचे लक्ष्य होते मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे नेमका डेटाबेसचाच सर्व्हर. अवघ्या ३७६ बाइटांचा तो किडा. पण सुमारे १० मिनिटांत जगभरातील बहुतेक असुरक्षित सर्व्हर त्याने गाठले. बाधित यंत्रे किमान ७५,००० होती. अमेरिकेतील एका बड्या बँकेची हजारो एटीएम बंद पडली, दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडले. आणि या दोषावरील दुरुस्ती जुलै २००२ मध्येच उपलब्ध झालेली होती.

१०/ सहा महिने हाती असूनही दुरुस्ती का बसवली गेली नाही? काहींना ती बसवणे किचकट वाटले, काहींनी 'चालते आहे' म्हणून टाळले. परंतु एक तिसरा वर्ग होता. त्या डेटाबेसची एक छोटी आवृत्ती इतर अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेली असे. आपल्या कचेरीतील संगणकावर डेटाबेसचा सर्व्हर चालू आहे, हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. तेव्हा 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे : तुम्ही हात लावला नाहीत, तरी दुसरे लावतात.

११/ आता पहिला पक्ष. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही, मुंबईचे बंदर ओलांडून उरणच्या न्हावा-शेवापर्यंत यावे. २७ जून २०१७ रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' हे ते टर्मिनल, मेर्स्क या डॅनिश समूहातील 'एपीएम टर्मिनल्स'च्या ताब्यातले. कंटेनर कोणता, कोणाचा, कोठे ठेवला आहे आणि कोणत्या जहाजावर जायचा आहे, हे सारे संगणकाला ठाऊक. तो थांबताच कंटेनर म्हणजे केवळ लोखंडी पेट्या उरल्या.

१२/ हा उपद्रव 'नॉटपेट्या' म्हणून ओळखला जातो. तो आला कोठून? युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे 'एमईडॉक' नावाचे हिशोबाचे सॉफ्टवेअर होते. हल्लेखोरांनी त्याच्या उत्पादकाच्या अपडेट-सर्व्हरमध्ये शिरकाव करून अधिकृत अपडेटमध्येच चोरदरवाजा मिसळला. ग्राहकांनी काहीही गैर केले नव्हते. त्यांनी विश्वासू उत्पादकाकडून आलेले अपडेट स्वीकारले, इतकेच. ज्यांनी कटाक्षाने अद्ययावत राहण्याचा नियम पाळला, त्यांच्याच दारातून शत्रू आत आला.

१३/ मात्र गोष्टीचा उत्तरार्ध पहिल्या पक्षाने अवश्य सांगावा, मीही सांगते. आत शिरल्यावर हा उपद्रव एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरला, तो अंशतः विंडोजमधील अशा एका दोषाच्या आधारे, ज्याची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच दिली गेली होती. म्हणजे एका यंत्राने अपडेट घेतले म्हणून आग लागली आणि शेजारच्या यंत्रांनी अपडेट घेतले नव्हते म्हणून ती पसरली. एकाच घटनेत दोन्ही पक्ष एकाच वेळी हरले.

१४/ मेर्स्कला नंतर सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक १० दिवसांत नव्याने उभे करावे लागले. हे शक्य झाले त्याला एक योगायोग कारणीभूत होता. त्यांच्या साऱ्या जाळ्याची ओळख-यादी ज्या सर्व्हरांवर होती, त्या सर्वांच्या प्रती एकमेकींशी आपोआप जुळत राहत. त्यामुळे त्या एकत्रच नष्ट झाल्या. वाचली ती एकच, घानामधील. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. अब्जावधींच्या व्यवहाराची यंत्रणा भारनियमनासारख्या एका घटनेने वाचली.

१५/ दप्तराच्या अभ्यासकाला यात नवे काही नाही. ज्या प्रती एकमेकींशी सतत आपोआप जुळतात, त्या प्रती नव्हेत, ते एकाच कागदाचे आरसे. खरी प्रत ती, जी मूळ कागद बदलल्यावर बदलत नाही. आमच्या संग्रहातील सात बॅकअप हे सात आरसे होते. मास्तरांची वही ही प्रत होती.

१६/ तिसरा दाखला अलीकडचा, आपल्यापैकी बहुतेकांना आठवणारा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची एक सदोष फाइल आपोआप वाटली गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांतच मागे घेतली. ज्या ग्राहकांनी 'नवी आवृत्ती आम्हांला उशिराने द्या' असे सांगून ठेवले होते, त्यांनाही ती मिळाली, कारण ती सूचना मुख्य कार्यक्रमाला लागू होती, या प्रकारच्या फाइलींना नव्हती.

१७/ पण वाचकहो, यंत्र बंद पडते तेव्हा निदान कळते तरी. खरे भय न दिसणाऱ्या बिघाडाचे. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्स प्रणालीचा एक पायाभूत भाग, 'जीलिबसी', याची २.२८ ही आवृत्ती निघाली. तिच्यात अक्षरे व चिन्हे कोणत्या क्रमाने लावायची याचे नियम बदलले होते. बदल योग्यच होता, आंतरराष्ट्रीय मानकाला धरून होता. परंतु पोस्टग्रेससारखे डेटाबेस मजकुराच्या सूचीसाठी क्रमाचा हाच नियम उसना घेत असत.

१८/ परिणाम काय झाला? जुन्या नियमानुसार '११' आधी आणि '१-१' नंतर येई, नव्यानुसार '१-१' आधी आणि '११' नंतर. सूची जुन्या क्रमाने लावलेली, शोधणारा कारकून नव्या क्रमाने चालणारा. तो चुकीच्या पानाकडे वळतो आणि सांगतो, "अशी नोंद नाही." नोंद असते. तक्त्यात ती सुरक्षित असते, फक्त सूचीतून सापडत नाही. उलट 'नोंद नाही' या समजुतीने तीच नोंद दुसऱ्यांदा भरली जाऊ शकते. उपाय सोपा आहे, सूची नव्याने बांधणे. पण बिघडले आहे हे आधी कोणाला तरी कळले पाहिजे.

१९/ '११' आणि '१-१' हे आपल्यासाठी केवळ आकडे नाहीत. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असेच लिहिले जातात. पुराभिलेखागाराच्या खिडकीवर 'अशी नोंद नाही' हे तीन शब्द ऐकून परतलेला संशोधक तो विषयच सोडून देतो. वारसाहक्काचा कागद शोधणारा माणूस आपला दावा सोडतो. यंत्राने कागद जाळला नाही, कोणी खोटे बोलले नाही. तरी त्या दिवसापुरता तो कागद अस्तित्वातून गेला.

२०/ इतिहासात याचे पूर्वज आहेत. वसईच्या मुलखाचा महसुली तपशील देणारा एक जुना ग्रंथ आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल : सिमाँव बोतेल्यु याने १५५४ मध्ये सिद्ध केलेला पोर्तुगीज भारताचा 'तोंबो'. तोंबो म्हणजे जमीन-महसुलाची नोंदवही. लिस्बनच्या राजकीय दप्तरखान्याचे नावच 'तोरे दो तोंबो', म्हणजे तोंबोचा बुरूज. त्या दप्तरखान्याच्या इतिहासात एक 'अपडेट' आहे, आणि त्याची किंमत पोर्तुगालचे इतिहासकार अजून मोजत आहेत.

२१/ १४५९ मध्ये लिस्बनच्या लोकप्रतिनिधींच्या सभेत तक्रार झाली, की जुन्या नोंदवह्यांतून कागद शोधणे फार खर्चाचे पडते. दप्तरखान्याचा प्रमुख होता इतिवृत्तकार गोमेस यानेस द झुरारा. जुन्या राजांच्या नोंदवह्यांतून महत्त्वाचे वाटले तेवढे सुबकपणे उतरवून घेण्यात आले आणि मूळ वह्या नष्ट झाल्या. हेतू चांगला होता, नवी वही वाचायला सोपी होती. पंधराव्या शतकातील कारकुनाला जे निरुपयोगी वाटले, त्यातच आजच्या इतिहासकाराचे प्रश्न दडलेले होते. ती आवृत्ती आता मागे घेता येत नाही.

२२/ याची दुसरी बाजू पुण्यात दिसते. पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद शाबूत आहेत, परंतु ते मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे थोडे. आजच्या भाषेत सांगायचे तर सर्व्हर उत्तम चालू आहे आणि क्लायंट कालबाह्य झाला आहे. म्हणून 'जुने तसेच राहू द्या' हेही रक्षण नव्हे. जपणूक करायची तर दप्तरही टिकले पाहिजे आणि त्याची वाचक-यंत्रणाही काळाबरोबर पुढे गेली पाहिजे. प्रश्न बदल कोणत्या रीतीने करावा एवढाच आहे.

२३/ ती रीत आपल्या तलाठी कार्यालयात पूर्वीपासून आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू आहे. तिच्या कलम १४९ नुसार हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यावी लागते. कलम १५० नुसार तलाठी ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंदवतो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना लेखी नोटीस देतो. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत उतरते. नंतरच सक्षम अधिकारी, सामान्यतः मंडळ अधिकारी, नोंद प्रमाणित करतो.

२४/ आता सातबारा उघडून पाहा. जुन्या खातेदाराचे नाव पुसलेले नसते, त्याला कंस केलेला असतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून मागे जाता येते : कोणी वर्दी दिली, कशाच्या आधारे, कोणत्या दिवशी, कोणी प्रमाणित केले. एवढी खटपट केल्यानंतरच कलम १५७ त्या नोंदीला मान देते : विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानावी. विश्वास आधी नाही, रीत आधी, विश्वास नंतर. संगणकाच्या नोंदीला मात्र आपण ती पडद्यावर दिसते एवढ्यावरून खरी मानतो. मीही तेच केले.

२५/ कोणी म्हणेल, फेरफार नोंदवही हे काही सत्ययुग नव्हते. मान्य. खोट्या नोंदी झाल्या, नोटिसा कागदावरच राहिल्या, सामान्य माणसाने चावडीचे उंबरे झिजवले. परंतु खोट्या नोंदीलाही क्रमांक, तारीख आणि सही होती, म्हणून तिच्याविरुद्ध अपील करता आले. शासनालाही याची जाणीव आहे. संगणकीकृत सातबारा मूळ हस्तलिखिताशी जुळतो का हे पाहण्यासाठी गावोगाव चावडीवाचन घेतले गेले, चुका दुरुस्त झाल्या. आमच्या सूचीतील 'पालघर'विरुद्ध अपील कोणाकडे करायचे? फेरफार क्रमांकच नव्हता.

२६/ तेव्हा माझी मागणी आहे : नोंदी सांभाळणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला फेरफाराचे नियम लागू करावेत. पहिला, वर्दी आणि नोटीस. कोणती आवृत्ती येते, ती फक्त कार्यक्रम बदलते की तक्त्यांची रचना आणि मजकूरही, कोणत्या दिवशी, किती वेळ खिडक्या बंद राहतील, हे वापरणाऱ्यांना आधी कळावे. 'किरकोळ सुधारणा' एवढा मजकूर म्हणजे नोटीस नव्हे.

२७/ दुसरा, प्रतीवर चाचणी. डेटाबेसची प्रत वेगळ्या यंत्रावर उघडून अपडेट आधी तेथे बसवावे. प्रत्येक तक्त्यातील नोंदींची संख्या आधी किती आणि नंतर किती, हे मोजावे. ठाऊक असलेल्या वीस-पंचवीस नोंदी नावाने, क्रमांकाने, तारखेने शोधून पाहाव्यात. त्यांत काही मराठी, काही जोडाक्षरांच्या, काही '१-१' सारख्या असाव्यात. नंतर प्रत्येक खिडकीवरून एकदा जोडून पाहावे. लहान संग्रहात हे एका दुपारचे काम आहे.

२८/ तिसरा, अपडेटपूर्वीची प्रत रोजच्या बॅकअपपासून वेगळी ठेवावी, सर्व्हरशी जोडलेली नसावी आणि ठरावीक दिवसांनी पुसली जाऊ नये. ती परत उघडता येते हे प्रत्यक्ष उघडून पाहिलेले असावे. न उघडलेला बॅकअप ही केवळ आशा असते. चौथा, प्रमाणन. चाचणी कोणी पाहिली आणि 'बसवा' असे कोणी म्हटले, त्या व्यक्तीची सही असावी. सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या खुशाल आपोआप येऊ द्या, खिडक्यांचे अपडेटही. रचना आणि मजकूर बदलणारे अपडेट माणसाच्या सहीशिवाय चालता कामा नये.

२९/ पाचवा नियम इतिहासकारांसाठी सर्वांत मोलाचा : जुने नाव कंसात. 'नोंदीच्या काळचा जिल्हा' आणि 'सध्याचा जिल्हा' हे दोन वेगळे रकाने असावेत. पहिला कधीही बदलू नये, दुसरा शासन-निर्णयानुसार बदलत जावा. सहावा, प्रत्येक अपडेटला क्रमांक द्यावा. चांगल्या प्रणाली असा क्रमांक एका तक्त्यात ठेवतातही, पण तो तंत्रज्ञालाच दिसतो. तो खिडकीवर बसलेल्या वाचकालाही दिसावा, जसा सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक दिसतो.

३०/ दोन आक्षेपांना उत्तरे. "हल्ला चालू असताना नोटिशीची वाट पाहायची का?" नाही. सर्व्हर बाहेरच्या जाळ्यापासून तोडा, दुरुस्ती तासाभरात बसवा. पण आधी प्रत काढा आणि नंतर नोंद करा. मुदत कमी करता येते, नोंद टाळता येत नाही. "लहान संस्थेकडे पैसा आणि माणसे कोठे?" एक जास्तीची डिस्क, एक वही आणि महिन्यातली एक दुपार, एवढाच हा खर्च आहे. ज्यांना तोही जड वाटतो, त्यांनी हस्तलिखित वही बंद करण्याची घाई तरी करू नये.

३१/ आपल्यापैकी जे उद्या अभिलेखागारांत, ग्रंथालयांत, संग्रहालयांत काम करतील, त्यांना विनंती. संगणकीय सूची वापरताना तीन प्रश्न विचारा : सर्व्हरची आवृत्ती शेवटची कधी बदलली? बदलापूर्वीची प्रत आहे का? मजकुरात काय बदलले ते कोठे लिहिलेले आहे? साधनचिकित्सा आपण बखरीची करतो, फर्मानाची करतो, ताम्रपटाची करतो. ज्या पडद्यावर आपल्याला बखर सापडली, त्याला या चिकित्सेतून सूट कोणी दिली?

३२/ आमच्या संग्रहात आम्ही मास्तरांच्या वहीवरून वसई तालुक्याच्या सर्व नोंदी तपासल्या. तीन रविवार लागले. जिल्ह्याचे दोन रकाने केले, रचना बदलणारे ऑटो-अपडेट बंद केले आणि सर्व्हरशेजारी शंभर पानी वही ठेवली. तिच्यातील नोंद क्रमांक १ मी लिहिली आहे : काय बिघडले, कसे कळले, कोणत्या आधारे दुरुस्त केले. खाली मास्तरांनी तपासून सही केली. माझ्या प्रबंधिकेतील तळटीप आता 'जिल्हा ठाणे' अशी वाचता येते. मॅडमचे लाल वर्तुळ असलेला कागद मी त्याच वहीत चिकटवून ठेवला आहे.

(धागा समाप्त)